तिळगुळाची पिशवी

संक्रांतीच्या संध्याकाळी नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्यांत फेरी मारून पाहा. नवे कपडे घातलेली मुले टोळ्याटोळ्यांनी घरोघर जात असतात. मोठ्यांच्या पाया पडायचे, हात पुढे करायचा, की तळहातावर तिळगूळ पडतो. पहिल्या दोन घरांचा तिळगूळ तोंडात जातो. तिसऱ्या घरापासून मात्र प्रश्न उभा राहतो : हे ठेवायचे कशात? खिशात ठेवावे तर गूळ पाघळून नव्या कपड्यांना चिकटतो. रुमालात बांधावे तर तिळाच्या तेलाचे डाग पडतात. पुढे रथसप्तमीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी बोरन्हाण असते. तिथे बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, गोळ्या यांचा पाऊस पडतो आणि जमलेली पोरे तो लुटतात. लुटलेला माल घरी न्यायला पिशवी हवीच.

अमेरिकेतही असाच एक सण आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, 'हॅलोविन'ला, भुताखेतांची सोंगे घेतलेली मुले दारोदार जाऊन खाऊ मागतात. तो खाऊ साठवायला घरच्या घरी पिशव्या तयार करणे हा तिथल्या मुलांचा आवडता उद्योग. कुणी सरळ उशीचा अभ्राच घेऊन निघतो! आपल्याकडे भुते नाहीत, तीळ आहेत; पण पिशवीचा प्रश्न तोच आहे. ही पिशवी आपण घरातल्या वस्तूंपासून करणार आहोत. तुमच्याबरोबर धाकट्या भावंडांनाही बसवा. आणि करता करता एक गोष्ट शोधायची आहे : पातळ कागदाच्या पिशवीला वजन पेलण्याची ताकद येते कुठून?

पळसाचे पान आणि कॅलेंडरचे पान

कागद येण्याआधी लोक काय करत होते? संक्रांतीचे वाण आजही मातीच्या सुगडात भरतात : गाजर, बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, गव्हाची ओंबी. सुगड सुंदर खरे, पण पोराच्या हातात दिले तर दुसऱ्या वळणावर फुटायचे. हलके आणि न फुटणारे भांडे म्हणजे पानाचा द्रोण. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगरांत साग आणि पळस विपुल आहे. पळसाचे जून पान हातात घेऊन वाकवा. ते चामड्यासारखे चिवट लागते. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारख्या द्रव्याचा पातळ थर असतो, म्हणून पाणी त्यात पटकन मुरत नाही. आणि शिरांचे जाळे सर्व बाजूंनी ताण वाटून घेते, म्हणून ते सहज फाटत नाही. बारीक काडीने टाचले की द्रोण तयार.

या पानाचा मुख्य आधार म्हणजे 'सेल्युलोज'. गंमत अशी, की कागद, कापसाचा धागा आणि लातूरच्या आडतीत डाळी-सोयाबीनची वर्षानुवर्षे ने-आण करणारे तागाचे बारदान, या सगळ्यांचा पाया हाच सेल्युलोज आहे. कापसाचा तंतू तर बहुतांशी शुद्ध सेल्युलोजच असतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८०च्या दशकात आलेला 'एन.एच.एच. ४४' हा संकरित कापूस तुमच्या आजोबांनी शेतात लावलाही असेल. आपल्या चलनी नोटांचा कागदसुद्धा कापसापासून होतो. म्हणूनच नोट चुकून धोब्याकडे जाऊन आली तरी शाबूत राहते आणि वर्तमानपत्राचा मात्र लगदा होतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकूड दळून केलेले आखूड तंतू असतात, नोटेच्या कागदात कापसाचे लांब तंतू असतात. तंतू जितके लांब, तितके ते एकमेकांत जास्त गुंततात.

आपल्याला कागद कुठला घ्यायचा? संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. म्हणजे मागच्या वर्षाचे भिंतीवरचे कॅलेंडर नुकतेच खुंटीवरून उतरलेले असते. त्याची पाने मोठी आणि बऱ्यापैकी जाड असतात. काही मुले म्हणतील, आम्ही रद्दी भिजवून, वाटून नवा कागदच तयार करू. हौस चांगली आहे, पण त्याला बादल्यांनी पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातुरात तरी हा प्रयोग हौसेसाठी करू नये असे मला वाटते. आहे तो कागद आहे तसाच पुन्हा वापरणे जास्त शहाणपणाचे.

फाडून पाहा

कात्री घेण्याआधी वर्तमानपत्राचे एक जुने पान घ्या. ते आधी वरून खाली फाडा, मग दुसरे पान डावीकडून उजवीकडे फाडा. एका दिशेने पट्टी सरळ फाटत जाते. दुसऱ्या दिशेने कितीही जपून फाडले तरी फाटण्याची रेघ वेडीवाकडी पळते. असे का?

कारखान्यात कागदाचा पातळ लगदा एका सरकत्या जाळीवर पसरतात. नदीच्या प्रवाहात सोडलेल्या काड्या जशा प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे लगद्यातले बहुतेक तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने वळून बसतात. पाणी निथळते, कागद वाळतो आणि ती दिशा कायमची ठरते. तंतूंच्या दिशेने फाडले तर दोन तंतूंच्या मधून वाट मिळते. आडवे फाडले तर तंतू आड येतात. कॅलेंडरच्या पानाच्या कडेच्या दोन अरुंद पट्ट्या, एक उभी व एक आडवी, फाडून तुम्हाला त्याचीही दिशा ओळखता येईल. पिशवीवर ओढ पडते ती वरून खाली. तेव्हा तंतूंची दिशा पिशवीत उभी येईल असा कागद धरा. तंतू ओढीच्या दिशेने असले की कागद जास्त ताण सोसतो.

खळ शिजवू या

आता चिकटवण्यासाठी खळ. दोन चमचे मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा. एकही गुठळी राहू देऊ नका. दुसरी एक वाटी पाणी उकळा, त्यात हे कालवण हळूहळू ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. विस्तवाजवळचे हे काम आई, आजी किंवा शिक्षक जवळ असतानाच करायचे. सुरुवातीला मिश्रण दुधासारखे पांढरे असते. पाहता पाहता ते दाट होते आणि थोडे पारदर्शक दिसू लागते. खळ झाली. उतरवून गार करा.

ज्या क्षणी ते दाट झाले, तेव्हा आत काय घडले? मैद्यात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, सूक्ष्म कण असतात. थंड पाण्यात ते तसेच तरंगतात किंवा तळाशी बसतात. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ते पाणी शोषून फुगतात, फुटतात, आणि त्यांतले लांब साखळीसारखे रेणू बाहेर येऊन पाण्यात पसरतात. कोरडा मैदा एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर गोळ्यांचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतल्या पिठाला पाणीच मिळत नाही. गुठळ्या होतात त्या अशा. पिठले करताना बेसन आधी थंड पाण्यात का कालवतात, हे आता आईला विचारू नका, तुम्हीच तिला सांगा.

पिष्ट आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्या कड्यांच्या साखळ्या. नात्याने सख्खे भाऊ. ओली खळ कागदाच्या तंतूंमधल्या फटींत शिरते आणि पाणी उडून गेले की पिष्टाच्या साखळ्या सेल्युलोजच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. म्हणून खळ लावून लगेच ओढून पाहायचे नसते. वाळेपर्यंत पकड येतच नाही. पुस्तकबांधणीवाले खळीला बुरशी व किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. आपल्या पिशवीत खाऊ जाणार आहे, तेव्हा ते मुळीच घालू नका. खळ थोडी शिजवा आणि त्याच दिवशी संपवा.

(जाता जाता : वहीच्या कागदाच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. अनेकदा निळा-काळा डाग पडतो. शाई फुटू नये व कागद घट्ट व्हावा म्हणून अनेक कागदांना कारखान्यातच पिष्ट लावलेले असते! हा तुकडा नंतर फेकून द्या.)

घड्या

कॅलेंडरच्या पानातून ३४ सेंमी रुंद आणि २६ सेंमी उंच असा तुकडा कापा. पान लहान असेल तर मापे त्याच प्रमाणात कमी करा. डाव्या कडेपासून २, १२, १८ आणि २८ सेंमीवर उभ्या रेघा आखा. आता कागदाचे भाग असे पडले : २ सेंमीची खळ लावायची पट्टी, मग १०, ६, १० आणि ६ सेंमीच्या चार भिंती. वरच्या कडेपासून ३ सेंमीवर आणि खालच्या कडेपासून ५ सेंमीवर एकेक आडवी रेघ आखा. सर्व रेघांवर पट्टी ठेवून न लिहिणाऱ्या पेनाने दाबत जा आणि घड्या घाला. तंतूंच्या दिशेची घडी सुबक बसते आणि आडवी जरा कुरकुर करते, हे बोटांना आपोआप जाणवेल.

वरची ३ सेंमीची पट्टी आत दुमडायची. पण त्याआधी तिच्यात जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, १० सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद, दोन्ही रुंद भिंतींच्या जागी चिकटवा. मग २ सेंमीच्या पट्टीला खळ लावून कागदाची चौकोनी नळी करा. तळाशी आधी अरुंद बाजू आत दुमडा. त्यामुळे रुंद बाजूंना त्रिकोणी कोपरे पडतात. मग रुंद बाजू एकीवर एक चिकटवा. आत लग्नपत्रिकेचाच १० सेंमी बाय ६ सेंमीचा तुकडा तळाला बसवा. पुठ्ठ्याच्या पट्टीतून प्रत्येक बाजूला दोन छिद्रे पाडून सुतळी ओवा आणि आतून गाठी मारा. पिशवी १८ सेंमी उंच झाली आणि तिच्यात १० × ६ × १८, म्हणजे १०८० घन सेंमी, लिटरभराहून थोडा जास्त माल मावेल.

ही सपाट तळाची पिशवी दिसायला साधी, पण तिला इतिहास आहे. कागदी पिशव्या करणारे यंत्र अमेरिकेत फ्रान्सिस वुल्ली याने १८५२ साली आणले. पण त्या पिशव्या पाकिटासारख्या चपट्या असत. भरताना एका हाताने धरून ठेवाव्या लागत. कागदी पिशव्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मार्गारेट नाइट हिने तळ आपोआप दुमडून चिकटवणारे यंत्र तयार केले. तिचे यंत्र पाहिलेल्या एका माणसाने ते स्वतःचे म्हणून पेटंट मागितले! तिने आपली रेखाटने आणि नमुने पुढे ठेवून दावा जिंकला आणि १८७१ साली पेटंट तिच्या नावावर झाले. तिच्यामुळे पिशवी स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि दुकानदाराचे दोन्ही हात मोकळे झाले.

पण तिच्या घड्या नुसत्या आकारासाठी नव्हत्या. वहीचा एक कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा आणि वर एक नाणे ठेवून पाहा. कागद खाली वाकतो. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या उभ्या चुण्या घाला आणि पुन्हा पूल करा. आता किती नाणी राहतात ते मोजा. कागद तोच, वजन तेवढेच. मग ताकद कुठून आली? कुठलीही पट्टी वाकायला किती विरोध करते हे तिच्या उंचीवर फार अवलंबून असते. भरीव पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. चुणी घातली की कागदाचा काही भाग वर जातो, काही खाली, आणि कागद एकदम 'उंच' झाल्यासारखा वागतो. पिशवीचे चार कोपरे म्हणजे अशाच चार उभ्या घड्या. पत्र्याच्या छपराला नाळी असतात त्या याच कारणाने.

पिशवी फाटते कुठे?

तयार पिशवी दाराच्या कडीला अडकवा. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे जवळजवळ एक किलो. मापट्याने थोडी थोडी वाळू टाकत जा आणि पिशवी फाटेपर्यंत लिहीत जा. मग दुसरी पिशवी करा, पण तिला वरची दुमड आणि पुठ्ठा देऊ नका. सुतळी नुसत्या कागदातून ओवा. दोन्हींची तुलना करा. दुसरी पिशवी बहुधा तळाशी नाही, तर छिद्रापाशी फाटेल. वरून आलेला सगळा ताण त्या बारीक छिद्राच्या कडेवर एकवटतो. एकदा चीर पडली की तिच्या टोकाशी ताण आणखी वाढतो आणि कागद सरसर फाटत जातो. पुठ्ठ्याची पट्टी तो ताण सगळ्या रुंदीवर वाटून देते. जड पिशवीची बारीक सुतळी बोटांना काचते, तिथेही हेच : बळ तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त.

शिक्षकांनी वर्गाचे पाच-सहा गट पाडून हा प्रयोग करून घेतला तर बरे. एका गटाने तंतू उभे, दुसऱ्याने आडवे, तिसऱ्याने ओलसर खळीची पिशवी, असे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येत नाही.

आतला कागद

इथवर पिशवी कशी पेलते ते पाहिले. पण ती खाऊची पिशवी आहे. आणि कॅलेंडर दोन्ही बाजूंनी छापलेले असते.

तिळाचा लाडू कोऱ्या कागदावर तासभर ठेवा. मग कागद उजेडासमोर धरा. डाग पारदर्शक दिसेल. तिळाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग तेल असते. ते कागदात उतरले. कागद पांढरा व अपारदर्शक दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा असते. हवेचा वक्रीभवनांक (नव्या पुस्तकांत अपवर्तनांक) १ आणि तंतूंचा सुमारे १.५, या फरकामुळे प्रकाश प्रत्येक तंतूशी वळतो, विखुरतो. तेलाचा वक्रीभवनांक सुमारे १.४७. ते हवेची जागा घेते, फरक जवळजवळ मिटतो आणि प्रकाश सरळ पलीकडे जातो. पाण्याचा १.३३ आहे, म्हणून पाण्याचा डाग तेलाइतका स्वच्छ दिसत नाही. शिवाय पाणी उडून जाते, तेल राहते.

जे तेल कागदाच्या आत जाते, ते छपाईच्या शाईशीही भिडते. शाईतली रंगद्रव्ये व इतर द्रव्ये तेलात उतरून खाऊत येऊ शकतात. गरम भजी वर्तमानपत्रावर ठेवली की उलटी अक्षरे भज्यावर उमटलेली तुम्ही पाहिली असतील. ती अक्षरे पुढे पोटात जातात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याविरुद्ध सूचना काढली आणि २०१८च्या पॅकेजिंग नियमांत अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरण्याला मनाई केली. गाड्यावर अजूनही ते दिसते ही गोष्ट वेगळी.

म्हणून आपल्या पिशवीत अस्तर हवे. लाडूसाठी धुतलेले पळसाचे किंवा केळीचे पान पुसून कोरडे करून तळाशी आणि कडेने लावा. शाई नसलेला कोरा पांढरा कागद चालेल, पण तेल त्यातून पाझरते, तेव्हा दुहेरी घ्या. सर्वांत चांगले म्हणजे जुन्या सुती धोतराची किंवा साडीची स्वच्छ धुतलेली आतली पिशवी; सण संपल्यावर ती पुन्हा धुता येते. शिवण्याआधी त्या कापडाचा तुकडा ताण्याच्या धाग्याच्या दिशेने ओढा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका ओढा. सरळ ओढले तर धागे स्वतः ताण घेतात आणि कापड फारसे ताणत नाही. तिरके ओढले की धाग्यांचे चौकोन कलंडतात आणि कापड लोंबते. तेव्हा पिशवी सरळ धाग्यात कापा. साल असलेली शेंग, घाटे, उसाचा न सोललेला करवा यांना अस्तर नसले तरी बिघडत नाही. काटेरी हलवा मात्र वेगळ्या पुडीत ठेवा, कारण गुळाच्या लाडवाजवळची ओल साखरेला लागली की त्याचे काटे विरघळतात.

पूर्वी हा सगळा खाऊ सरळ पातळ प्लास्टिकच्या पिशवीत जात असे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, तरी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नाल्यात त्या दिसतात आणि त्यांत चिकटलेला गूळ खायला आलेली गाय पिशवीसकट गिळते. आपल्या पिशवीचे काय होते, हेही पाहता येईल. तिचा एक तुकडा आणि प्लास्टिकचा तेवढाच तुकडा परसातल्या मातीत वीतभर खोल, जवळजवळ पुरा. जागेवर काडी रोवून तारीख लिहा. वरची माती ओलसर ठेवा. होळीला उकरा, मग पाडव्याला, मग शाळा सुटताना, आणि दर वेळी दोन्ही तुकडे कसे दिसले ते वहीत लिहा.